आजोबांचं चिनी अक्षरांचं नाणं मोडीत घालू का?

प्रश्न : आजोबा मिलिटरीत होते, त्यांच्या ट्रंकेत चांदीचं एक पातळ नाणं मिळालं, एका बाजूला चिनी अक्षरं, दुसऱ्या बाजूला तिबेटी वाटतात. गुजरीत वजन केलं तर 3.7 ग्रॅम भरलं. सराफ म्हणाले भाव चढलाय, मोडून टाका. काय करू?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : मोडू नका हो, अजिबात मोडू नका! चांदी काय हुपरीत ढिगानं मिळते. वजनावरून हे ल्हासाच्या टांकसाळीतलं एक शो (तिबेटी चलनाचं एकक) किमतीचं नाणं दिसतंय, अर्थात खरं असेल तर.

गोष्ट अशी आहे की तिबेटवाले पूर्वी आपली चांदी काठमांडूला पाठवायचे आणि तिथले मल्ल राजे तिची नाणी पाडून द्यायचे, त्यात हळूहळू तांबं मिसळायला लागलं, मग नेपाळात गोरखे सत्तेवर आले आणि जुन्या खोट्या नाण्यांचं काय करायचं यावरून वाद पेटला तो थेट 1788 च्या लढाईपर्यंत गेला. 1791 मध्ये तर गोरख्यांनी तिबेटमधल्या शिगात्सेचा ताशी ल्हुन्पो मठच लुटला. मग चीनच्या चिएनलुंग बादशहानं फौज धाडली, गोरख्यांना मागं रेटलं आणि ल्हासातच बादशहाच्या नावानं नाणी पाडायला लावली. चांदीत भेसळ केली की कुठवर जातं बघा!

आता भिंग घ्या. मध्ये चौकोन असेल, त्यात बादशहाच्या नावासकट चार चिनी अक्षरं, आणि वर्ष कडेनं. कडेला अधिकच्या चिन्हासारखं अक्षर म्हणजे दहा, आणि एकमेकींपासून फाकलेल्या दोन काड्या दिसल्या तर ते आठ; दहाच्या आधी पाचाचं अक्षर असतं, म्हणजे पाच दहा आठ, चिएनलुंगच्या कारकिर्दीचं 58 वं वर्ष, 1793. चौकोनातलं नाव वेगळं असेल तर पुढच्या च्याछिंग किंवा ताओक्वांग बादशहाचं असू शकतं, तीही निघाली होती.

नकली भरपूर फिरतात बरं का. कडेवर जोडाची रेघ, अंगावर बारीक बारीक खड्डे दिसले तर ओतीव माल समजा, आणि लोहचुंबकाला चिकटलं तर विषयच संपला. चिंच, रांगोळी, पॉलिश काहीही लावू नका, काळपटपणा गेला की जाणकार गिऱ्हाईक तोंड फिरवतं. परदेशातलं कुणी मागितलं तरी कुरियर करू नका, शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं, असं बाहेर धाडता येत नाही.

दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो पाठवा, फ्लॅश बंद ठेवून, मग वर्ष नक्की करू.