जुने फोटो, सिनेमे आणि मूळ कागद यांवरून इतिहास वाचायला कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की इतिहास घेऊन बी.ए. झालंय, आता पाठ्यपुस्तकं सोडून जुने फोटो, फिल्म, मूळ कागद स्वतः वाचायचे आहेत; पण राहता औशाकडे आणि पुण्या-मुंबईच्या चकरा परवडत नाहीत. मी अंबाजोगाईच्या बाजूला अकरावी-बारावीला इतिहास शिकवतो. पुण्याला जायची तूर्तास काही गरज नाही. मोबाइलमध्ये आधीच पडलेल्या एका फोटोपासून सुरुवात करा.

दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, हा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान सरदार पटेलांसमोर हात जोडून उभा, आणि खाली ओळ की निजाम शरण आला तो हा क्षण. आता तारखा लावून बघा. पोलीस ॲक्शन, म्हणजे हैदराबाद संस्थानावरची भारताची लष्करी कारवाई, १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली. १७ तारखेला निजामाने हार मानली आणि १८ ला त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल चौधरींपुढे शस्त्रं खाली ठेवली. पटेल तेव्हा हैदराबादेत नव्हतेच. हा फोटो बेगमपेठ विमानतळावरचा, फेब्रुवारी १९४९ चा. पाहुणा उतरलाय आणि घरचा माणूस घ्यायला आलाय. त्यात सत्तेचा खेळ नाही असं मी म्हणत नाही, भरपूर आहे. पण हा नमस्कार की शरणागती, हे फोटोत कुठंच नाही. ते खालच्या ओळीत आहे.

आमची पोरं नेमकं हेच करतात, ओळ वाचतात आणि फोटो बघितला असं समजतात. म्हणून मी ओळीवर कागद चिकटवून फोटो हातात देतो आणि दिसतं तेवढंच लिहायला लावतो. कोण उभं, कोण बसलेलं, पायात काय, मागे कोण, कॅमेऱ्याकडे कोण बघतंय. ‘दुःखी दिसतोय’ असं कुणी लिहिलं की ते खोडायचं. एवढं झालं की मगच दुसरा प्रश्न: फोटो काढायला कुणी लावला?

या प्रश्नासाठी राजा दीनदयाळ बघा. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागातल्या मदतकार्याचा त्यांचा अल्बम आहे, तो आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. माणसं बघून पोटात कालवतं, पण अल्बम काढलाय सरकारच्या कामाचा. जिथं मदत पोचली नाही तिथं हा कॅमेराही पोचणार नव्हता, एवढं मनाशी धरून बघा. दुष्काळाचे फोटो फॉरवर्ड करताना तर जास्तच जपून. १८७६-७८ च्या मद्रास दुष्काळात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने काढलेले फोटो सर्रास १९४३ च्या बंगालचे म्हणून फिरतात. गुगल लेन्सवर टाकायला किती वेळ लागतो?

चित्र वाचताना मोठमोठे विद्वानही कसे घसरतात, ते अजिंठ्यात दिसतं. पहिल्या लेण्यात दरबाराचं एक चित्र आहे. टोकदार टोप्या घातलेली परदेशी माणसं राजाला नजराणे देताहेत. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसनने सांगितलं की हा चालुक्यांचा दुसरा पुलकेशी आणि हे इराणच्या दुसऱ्या खुस्रोचे वकील, म्हणजे दूत. आधार होता तबरीच्या अरबी इतिहासात या दोन राजांमधल्या पत्रव्यवहाराच्या उल्लेखाचा. ग्रंथात वकील होते, भिंतीवर टोप्या होत्या, जोडी लावून टाकली. पुढे कित्येक वर्षं पुस्तकांतून तेच छापत गेले. घोळ असा की पुलकेशी सातव्या शतकातला. आणि तिथूनच थोडं पुढे, सोळाव्या लेण्यात, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा कोरीव लेख आहे. तो आणि लेण्यांच्या कामातले टप्पे धरून अमेरिकन कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी ही लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात नेली, म्हणजे पुलकेशीच्या शंभराहून जास्त वर्षं आधी. आता त्या चित्रात महासुदर्शन जातकाची कथा आहे असं मानतात.

मला खरी गंमत यापुढची वाटते. कथा बुद्धाची, राजा कथेतला, मग टोप्या कुठून आल्या? चित्रकाराने तसली माणसं बघितली असणार, किंवा बघणाऱ्याकडून ऐकली असणार. त्याला व्यापाराचा इतिहास सांगायचा नव्हता, तरी तो सांगून गेला. अजिंठ्याला गेलात तर पद्मपाणीसमोरची गर्दी सोडा आणि अशा टोप्या, भांडी, कापडावरचे पट्टे बघत फिरा.

फिल्मबद्दल थोडक्यात. पोलीस ॲक्शनच्या वेळच्या न्यूजरील यूट्यूबवर मिळतात. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा, दुसऱ्यांदा नुसता आवाज ऐका. निवेदक जे ठासून सांगतो त्यातलं किती पडद्यावर दिसतं, ते आपोआप कळेल. कॅमेरा जिंकणाऱ्या फौजेबरोबर फिरतो. त्याच्या शेजारी पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल ठेवा. ही समिती भारत सरकारनेच पाठवलेली, आणि तिचा अहवाल पुढे अनेक दशकं दाबून ठेवला गेला. कारवाईच्या वेळी आणि नंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मेली, असा तिचा अंदाज. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड. त्याआधी रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेने, काय धुमाकूळ घातला, हेही आपल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. यातल्या एकाचं नाव घेऊन दुसऱ्याला गप्प करायची आपल्याकडे फार हौस आहे. तुम्ही दोन्ही समोर ठेवा. राहिले रझाकारांवरचे सिनेमे. ते १९४८ कळावं म्हणून बघू नका, ज्या साली निघाले त्या सालचं वारं कळावं म्हणून बघा.

आता कागद. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली धूळ झटकली गेली. खासरा पाहणी (गावातल्या जमिनीची नंबरवार नोंद), शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, सगळं बाहेर आलं. जो तो एकच शब्द शोधत होता. सापडला की मोबाइलवर फोटो आणि पान बंद. त्यात वावगं काही नाही, लेकरांच्या प्रवेशाचा, नोकरीचा प्रश्न. पण तेच पान तुम्ही डावीकडून उजवीकडे, एकेक रकाना धरून वाचा.

१९५४-५५ ची खासरा पाहणी घ्या, आपल्याच गावाची. सर्व्हे नंबर, जमीन कुणाच्या नावावर, प्रत्यक्ष कसतो कोण, पीक, विहीर. एका शिवारातले सलग नंबर वहीत उतरवले की पाणी कुणाच्या रानात होतं आणि कोण कोरडवाहूवर भागवत होतं ते समोर येतं. जिथं मालकच कसतो असं लिहिलंय तिथं मात्र थांबा. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा लागू झालेला होता. कूळ म्हणून नाव लागलं की हक्क लागत होता, त्यामुळे ते नाव लागू नये असं वाटणारी माणसं गावात होती, आणि त्यांची दफ्तर लिहिणाऱ्याशी ओळखही असायची. त्या कुटुंबातल्या म्हाताऱ्याला विचारा, औत कुणाचं चालायचं.

त्याच्या मागचे कागद उर्दूत आणि सन फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली वर्ष. फसलीत ५९० मिळवा. १३५७ फसली म्हणजे साधारण १९४७-४८. उर्दू वाचायला गावातले जुने गुरुजी किंवा मशिदीतले मौलवीसाहेब गाठा, बहुतेक जण हौसेने वाचून देतात. मोडी मात्र स्वतः शिका, सरावाने येते. पुढे छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार आहे, निजामाच्या दरबारी दफ्तरासाठी हैदराबादचं राज्य अभिलेखागार आहे, पण ते नंतर.

आणि आजी असेल तर तिला आधी बसवा. ‘७२ च्या दुष्काळात कसं वाटायचं’ असं विचारू नका, ‘लई हाल झाले बाबा’ म्हणून विषय संपतो. खडी कुठल्या रस्त्याला फोडली, पगार किती दिवसांनी व्हायचा, सुकडी (दुष्काळी कामावर वाटायचा पौष्टिक खाऊ) कोण वाटायचं, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीला काय चव होती, हे विचारा. मग त्या तलावाच्या किंवा रस्त्याच्या कामाची बातमी जुन्या वर्तमानपत्रात शोधा; जिल्हा ग्रंथालयात फाइली असतील तर उत्तमच. आजी आणि बातमी जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा, कुणाला बरोबर ठरवायची घाई करू नका.

खासऱ्याची नक्कल मिळाली आणि रकाने लागले नाहीत तर फोटो इथं टाका, बघून सांगतो. खातेदारांची नावं तेवढी झाकून टाका, कुठल्या तरी वाटणीचं भांडण चालू असायचं.