चार रेघांतलं कर्सिव्ह

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझा मुलगा तिसरीत आहे, इंग्लिश मीडियमला. यंदा सगळं कर्सिव्हमध्येच, म्हणजे अक्षरं एकमेकांना जोडून, लिहायला लावतात आणि रोज वहीत लाल शेरा येतो, 'अक्षर सुधारा'. मी मराठी शाळेतली, आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, तेही सुटं सुटं. त्याला शिकवायचं तर आधी मलाच यायला पाहिजे ना! व्हिडिओ बघून ए टू झेड चार-पाचदा गिरवलं, अक्षरं जमतात पण शब्द लिहिला की सगळं विस्कटतं. कुठून सुरू करू?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अहो ताई, अक्षर येतंय आणि शब्द विस्कटतोय म्हणजे घोडं जोडणीत अडलंय. ए टू झेड गिरवणं आता बास. कर्सिव्हची अक्षरं घराण्याघराण्याने शिकायची, म्हणजे सी नीट वळला की त्यातूनच ए, डी, जी, ओ, क्यू निघतात, एन-एम कमानीवाले, आय-यू-टी वर चढून खाली उतरणारे, आणि एल, ई, एच, के लूपवाले. एका घराण्याला चार-पाच दिवस द्या.

मग आपल्या गावाचंच नाव घ्या, सांगली. कॅपिटल एस सुटा राहिला तरी चालतो. पुढचा ए सीसारखा सुरू करून बंद केला की त्याची शेपटी चाररेघी वहीतल्या खालच्या निळ्या रेघेवर थांबवायची नाही, ती वर चढते आणि तिथूनच एनची कमान सुरू होते. एनची शेपटी जीच्या डोक्यावरून जाते, तिथून उलटं वळून गोल पूर्ण करायचा आणि सरळ खालच्या लाल रेघेपर्यंत उतरायचं, डावीकडे लूप घेऊन वर यायचं आणि न थांबता वरच्या लाल रेघेपर्यंत एल चढवायचा. जी जेवढा खाली तेवढा एल वर. शेवटी आय, आणि त्याचा टिंब सगळा शब्द झाल्यावर! बहुतेक मुलं मध्येच टिंब द्यायला हात उचलतात आणि तिथेच लय तुटते. साताऱ्यातल्या टीची आडवी रेघही तशीच, शेवटी.

ओ, बी, व्ही, डब्ल्यू ही चौकडी जरा वाकडी, यांची शेपटी खालून नाही, वरून निघते, त्यामुळे पुढे ई किंवा आर आला की तो बिघडतो. त्या जोड्या वेगळ्या घोटा. सरावाला 'मिनिमम' शब्द झकास, स्पेलिंगमध्ये ओळीने १५ उभे दांडे येतात, सगळे एकाच तिरकेपणाने उतरले तर हात बसला समजा, नाहीतर नुसतं कुंपण दिसतं.

रोज १० मिनिटं पुरे, पण बसून. वही किंचित डावीकडे कलती ठेवा. आणि पान उलटून मागून बोट फिरवा, रेघा उठलेल्या लागल्या तर पोरगं दाबून लिहितंय, मग हात दुखणारच.

आपल्याला हे नवीन नाही हो, मोडी तरी काय, आधी आडवी रेघ पूर्ण ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता लिहीत जायचं. समर्थांनी तर दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास लिहिलाय, अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं. कर्सिव्हला यापेक्षा वेगळं काय लागतं? कॅपिटलच्या त्या नक्षीदार वेलांट्यांच्या नादी मात्र लागू नका, माझ्या मते तो निव्वळ वेळेचा खेळ आहे.

प्रश्न : मुलगी डावरी आहे, कर्सिव्ह लिहिताना सगळं पुसून हात काळा होतो. सासूबाई म्हणतात उजव्या हाताने लिहायला लाव. लावू का?
– एक वाचक, रहिमतपूर

उत्तर : अजिबात नाही. वही उजवीकडे कलती ठेवा, पेन्सिल टोकापासून जरा वर धरू दे आणि हात ओळीच्या खाली राहू दे, वरून वाकवून लिहिलं की पुसणारच. अक्षर उभं किंवा थोडं डावीकडे झुकलं तरी चालेल, सगळी एकाच बाजूला झुकली म्हणजे झालं. बाईंना सांगून बेंचच्या डाव्या टोकाला बसवा, शेजारणीचं कोपर लागणार नाही. सासूबाईंना मात्र तुम्हीच समजवा, तिथे माझा इलाज चालत नाही!