मालदांडीच्या पोत्यातल्या पाकोळ्या

मार्चमध्ये मंगळवेढ्याहून आणलेल्या मालदांडी ज्वारीच्या पोत्याभोवती आता मे महिन्यात बारीक पिवळट पाकोळ्या उडताहेत, त्या कपाटातल्या चादरीही खातील का, असं तुम्ही विचारलंय. चादरींची काळजी सोडा. ही धान्यातली पाकोळी. पंख फुटल्यावर ती काहीच खात नाही. खायचं ते दाण्यात असतानाच उरकलेलं असतं. म्हणून ट्यूबलाइटखाली पाकोळ्या मारत बसू नका, दाणे बघा.

बसलेली पाकोळी जेमतेम पाऊण सेंटिमीटर, रंग वाळल्या कडब्याचा. मेलेली एखादी भिंगाखाली धरा: मागच्या पंखाचं टोक बोटासारखं निमुळतं, कडेला लांब केसांची झालर. हीच खूण.

मादी दाण्यांवर शंभराच्या आसपास अंडी घालते, पांढरी, नंतर लालसर होणारी. पुष्कळदा हे शेतात, उभ्या कणसावरच होतं. केसाएवढी अळी दाण्यात शिरते ती पुन्हा बाहेर येत नाही; एका दाण्यात तिचा सगळा जन्म जातो. कोशात जाण्याआधी ती आतून सालीपर्यंत पोखरते, पण साल फोडत नाही. पाकोळीला कुरतडता येत नाही ना, तिला नुसतं ढकलून निघता यावं म्हणून ही सोय! दाणा उजेडाकडे धरला की ते गोल, पातळ झाकण दिसतं. मी असे वीसेक दाणे बाटलीत घालून तोंडाला फडकं बांधलं होतं. आठवड्याच्या आत पाकोळ्या निघाल्या आणि झाकणं दाण्यांना बिजागरीसारखी लटकत राहिली.

आपल्या उन्हाळ्यात हे सगळं महिनाभरात होतं, म्हणजे तुमच्याकडे दुसरी पिढी चालू असणार.

मूठभर ज्वारी पाण्यात टाका, पोखरलेले दाणे तरंगतील. थोडे असतील तर सगळी ज्वारी चाळून गच्चीवर पातळ पसरा, दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. गरम भरलीत तर आत घाम सुटेल. जुन्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, कीड टिकत नसे ती हवा कोंडल्यामुळे. पेव उघडल्यावर लगेच कुणाला उतरू देत नसत त्याचं कारणही तेच.

कुणी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या सुचवल्या तर घरात अजिबात आणू नका. त्यातून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचाही जीव घेतो.