जुनी पोलो जीटी की अबार्थ पुंटो? आधी बॉनेटला हात लावा

दसरा जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच जोडी पुन्हा पुन्हा भेटते: सेकंड हँड फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घ्यावी की सेकंड हँड फियाट अबार्थ पुंटो? दोन्ही आपल्या पुणे जिल्ह्यात तयार झालेल्या गाड्या, एक चाकणची, दुसरी रांजणगावची. दोन्हींचं उत्पादन बंद झालंय, त्यामुळे आता जे आहे ते वापरलेलंच. पत्रांतली माहिती बहुतेक ऐकीव असते आणि तिच्यावर विसंबून लोक लाखो रुपये मोजतात, म्हणून या वेळी सगळं सदर याच विषयाला दिलंय.

प्रश्न: वय २८, लग्न झालेलं नाही, गाडी चालवायची मनापासून आवड. २०१६ची पोलो जीटी टीएसआय (डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आणि २०१६ची अबार्थ पुंटो अशा दोन गाड्या बघितल्यात. किंमत जवळपास सारखी. रोज नाशिकमध्ये वीसेक किलोमीटर, महिन्यातून एकदा पुणे किंवा मुंबई. कुठली घेऊ? – एक वाचक, नाशिक

आधी दोघींचा स्वभाव समजून घ्या. तुम्ही बघितलेल्या पोलोत १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे: १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी. अबार्थमध्ये १.४ लिटरचं टी-जेट, तेही टर्बो पेट्रोलच: १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन मीटर, पाच गिअरचा मॅन्युअल आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. नुसत्या जोरात अबार्थ सरळ पुढे आहे. तिचं हायड्रॉलिक स्टिअरिंग जड आहे, पण रस्ता हाताला कळतो. कसारा घाट चढताना टर्बो भरला की ती जशी ओढते तशी पोलो ओढत नाही. पोलो समजूतदार गाडी आहे. गिअर कधी पडला ते कळत नाही, केबिन घट्ट आहे, लांबच्या प्रवासात माणूस दमत नाही.

माझं मत विचारलंत तर एकच गाडी ठेवणाऱ्याला मी पोलोकडे झुकवतो, कारण तिचे पार्ट आणि तिच्यावर काम करू शकणारी माणसं अजून सहज मिळतात. अबार्थचं इंजिन दणकट आहे, त्याच घराण्यातलं इंजिन फियाटच्याच लिनिया टी-जेटमध्येही होतं, त्यामुळे इंजिनचे बरेच पार्ट शोधले तर सापडतात. अडतं ते खास अबार्थच्या वस्तूंवर: बंपर, अलॉय, सस्पेन्शनचे भाग. नाशिकमध्ये टी-जेट उघडून पुन्हा बसवलेला मेकॅनिक तुमच्या ओळखीचा असेल तर अबार्थ घ्या, आनंदाने घ्या. नसेल तर आधी तो शोधा, गाडी मग.

हे झालं मॉडेलचं. दहा वर्षं झालेल्या गाडीत मॉडेलपेक्षा ती एक विशिष्ट गाडी कशी वापरली गेली याला जास्त महत्त्व असतं. चांगली सांभाळलेली पुंटो ही वाईट वापरलेल्या पोलोपेक्षा केव्हाही बरी, आणि उलटही तितकंच खरं. त्यामुळे दोन्ही गाड्या लिफ्टवर चढवून, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारं यंत्र) लावून तपासून घेतल्याशिवाय माझ्या या मताच्या आधारावर व्यवहार करू नका.

प्रश्न: गाडी बघायला कुठल्या वेळी जावं? – सातारा

सकाळी, इंजिन थंड असताना, आणि ‘मी आल्यावरच चालू करा’ असं आदल्या दिवशी सांगून. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिनचे दोष झाकायला गाडी आधीच चालू केलेली असू शकते. चहा न घेता परत या.

प्रश्न: अबार्थचा टायमिंग बेल्ट बदलावाच लागतो का? विकणारा म्हणतो, अजून वाजत नाही, तर बदलायची गरज नाही. – कोल्हापूर

बदलावाच लागतो. बेल्ट तुटण्याआधी वाजून सांगत नाही. पावती नसेल तर बदललेलाच नाही असं धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करा. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरतो, तोही सोबत बदला.

प्रश्न: डीएसजी ६० हजार किलोमीटरला जातोच असं सगळे सांगतात. माझ्या समोरची पोलो ५८ हजार चाललीय. सोडून देऊ का? – ठाणे

‘सगळे’ म्हणजे कोण, हे मला आजवर कळलेलं नाही. ६० हजाराचा असा काही नियम नाही. या पोलोतला डीएसजी ड्राय क्लचचा आहे, म्हणजे क्लच तेलात बुडालेला नसतो, त्यामुळे तापला की थंड व्हायला वेळ लागतो. तो तापतो कशाने? सिग्नलला ब्रेक अर्धवट सोडून गाडी इंचाइंचाने सरकवत राहण्याने. घोडबंदर रोडवर चार वर्षं अशी रांगलेली ४० हजारांची गाडी ही हायवेवर पळालेल्या लाखभर किलोमीटरच्या गाडीपेक्षा जास्त झिजलेली असू शकते.

दुसरा भाग मेकॅट्रॉनिकचा, म्हणजे गिअर टाकणाऱ्या हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा. नोव्हेंबर २०१३मध्ये कंपनीने अनेक देशांतल्या याच जातीच्या गिअरबॉक्सच्या गाड्या परत बोलावून सिंथेटिकऐवजी मिनरल ऑइल भरलं होतं, तेव्हा ही भीती अगदीच हवेतली नाही. पण ती तपासता येते. गाडी अर्धा तास गर्दीत चालवा. सपाट जागेवर ब्रेक हळू सोडला की ती थरथर न करता सरकली पाहिजे. थांबत येताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना धक्का बसला किंवा डायलवर गिअरची अक्षरं लुकलुकली, तर विषय संपला. यातलं काही झालं नाही, तर मग डीएसजी वाचू शकणाऱ्या स्कॅनरवर क्लचची झीज आणि तापमानाच्या नोंदी काढून घ्या. हे काम साध्या ओबीडी डोंगलचं (मोबाइलला जोडायच्या स्वस्त फॉल्ट-वाचकाचं) नाही, जाणकाराकडेच जा.

प्रश्न: साधं पेट्रोल चालेल की प्रीमियमच लागेल? – अहिल्यानगर

टाकीच्या झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये ऑक्टेन लिहिलेलं असतं. तेवढं पाळा, पंपावरच्या पोराचं ऐकू नका.

प्रश्न: माझ्या पसंतीच्या पोलोच्या मालकाने सांगितलं की गाडी ‘स्टेज वन’ होती, पण विकण्याआधी त्याने ती ‘स्टॉक’ करून घेतली, त्यामुळे काळजीचं कारण नाही. हे बरोबर आहे का? – पिंपरी

नाही. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण आज या गाड्यांच्या बाजारात सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात.

स्टेज वन म्हणजे ईसीयूतला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलणं, आपल्याकडे ज्याला रीमॅप म्हणतात. टर्बोला जास्त हवा दाबायला लावायची, इंधन आणि स्पार्कची वेळ त्याप्रमाणे बदलायची. एका दुपारचं काम, आणि गाडी खरोखर पळते. पण पोलोचा हा डीएसजी मुळात २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. कंपनीने १७५ दिले तेव्हा मध्ये जे अंतर राखलं होतं, ते गिअरबॉक्सच्या आयुष्यासाठी होतं. रीमॅप ते अंतर खातो. क्लचची झीज वाढते, टर्बो जास्त तापतो.

आता ‘स्टॉक केली’ म्हणजे काय केलं? प्रोग्रॅम जुना चढवला. क्लच पूर्वीसारखा झाला नाही, टर्बोचे बेअरिंग परत नवे झाले नाहीत. तीन वर्षं जादा जोर सोसलेली यंत्रणा तशीच आहे, फक्त तो जोर आता दिसत नाही. माझ्या दृष्टीने हे लपवणं आहे. तुमच्या मालकाने निदान सांगितलं तरी. बहुतेक सांगत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा वडिलांना घेऊन पोलो दाखवायला आला होता. मालकाचं म्हणणं, गाडीला कधी काही केलेलं नाही. मी एअर फिल्टरचा डबा बघितला. आजूबाजूच्या सगळ्या स्क्रूंवर आठ वर्षांची मळकट साय, आणि डब्याच्या स्क्रूंची डोकी मात्र चकचकीत, त्यातल्या दोन स्क्रूंच्या खाचा स्क्रूड्रायव्हर घसरून फाटलेल्या. हवेच्या पाइपला एक क्लिप कंपनीची, शेजारची बाजारातली. म्हणजे तिथे ओपन फिल्टर (जास्त हवा खेचणारा, डब्याशिवायचा फिल्टर) बसला होता आणि विकण्याआधी मूळ डबा परत लावला गेला. मग स्कॅनर लावला. एकही फॉल्ट नाही, पण गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या चालता चालता पूर्ण करते, त्यातल्या बहुतेक अपूर्ण दिसत होत्या. याचा अर्थ कोणीतरी नुकतेच फॉल्ट पुसले होते किंवा बॅटरी काढली होती. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, बॅटरी बदलली. बॅटरीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

त्या वडिलांनी तिथेच व्यवहार थांबवला. मुलगा नाराज झाला. मला वाईट वाटलं, पण मी पुन्हा तेच करीन.

तुम्ही काय करायचं? बऱ्याच ईसीयूंमध्ये किती वेळा नवा प्रोग्रॅम चढवला याची मोजणी राहते, अधिकृत सर्व्हिस सेंटरला ती वाचता येते का ते विचारा. इंजिन आणि सायलेन्सरच्या मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जागेवर आहे की नुसता पाइप, ते लिफ्टवर बघा. अबार्थ असेल तर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. इंजिनचे फेरे वाढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. आणि एक गोष्ट विसरू नका: न सांगितलेला बदल सापडला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. गाडीतल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची आडकाठी आहे ती वेगळीच. तेव्हा तुमच्या या पोलोची क्लच आणि टर्बोची तपासणी करून, लेखी अहवाल हातात घेऊन, मगच किंमत बोला. तपासणी करू द्यायला मालक तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.

प्रश्न: २०१५ची अबार्थ, मीटरवर फक्त २८ हजार. विश्वास ठेवू का? – छत्रपती संभाजीनगर

कागदावर ठेवा, मीटरवर नको. चासी नंबर देऊन सर्व्हिसच्या नोंदी मागवा. तारीख आणि किलोमीटर एका रेषेत वाढत गेले पाहिजेत. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, २३१५ म्हणजे २०१५चा तेविसावा आठवडा. टायर २०२१चे निघाले तर २८ हजारात मूळ टायर का बदलले, हे विचारा. वयामुळे बदलले असतील तर ठीक, पण उत्तर पटकन यायला हवं. क्लच पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची डावी-उजवी बाजू गुळगुळीत असेल तर २८ हजार शक्य नाही. शंका उरली तर फियाटचा अनुभव असलेल्या मेकॅनिकला सोबत न्या.

प्रश्न: डीलर म्हणतो आणखी दोन गिऱ्हाइकं रांगेत आहेत, आजच २५ हजार टोकन द्या, तपासणी नंतर. – पुणे

देऊ नका. द्यायचंच असेल तर ‘तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण परत’ असं त्याच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यासह लिहून घ्या. तो लिहून देणार नाही, आणि त्यातच तुम्हाला उत्तर मिळेल.

प्रश्न: बेंगळुरूची केए पासिंग अबार्थ स्वस्त मिळतेय. पुण्यात आणून तशीच चालवली तर? – पुणे

स्वस्त का आहे त्याचं कारण बहुधा हेच आहे. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवायची तर नव्याने नोंदणी लागते, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्सही. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हवी. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. मालकी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. कर्नाटकात भरलेल्या कराचा परतावा मिळवायला वेगळा अर्ज करावा लागतो. ‘एजंट बघून घेईल’ या वाक्यावर पैसे सोडू नका. टॅक्सचा आकडा पुणे आरटीओतून आधी काढा आणि तो किमतीत मिळवल्यावर गाडी खरंच स्वस्त उरते का ते बघा.

गाडी महाराष्ट्रातली असली तरी १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसलेली आहे का, चलानं थकलेली आहेत का, हे परिवहनच्या संकेतस्थळावर आधी तपासा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, डीलर काहीही म्हणो.

प्रश्न: बायकोही गाडी चालवणार, दीड वर्षाचं मूल आहे, हिंजवडीला रोजचं जाणं-येणं. पोलो जीटी की अबार्थ? – वाकड

तुमच्यासाठी दोन्ही नाहीत. अबार्थ बसकी आहे, क्लच पाय दुखवणारा. आणि हिंजवडीची रांग म्हणजे ड्राय क्लचची परीक्षा. २०२०नंतरची १.० टीएसआय पोलो बघा: ११० अश्वशक्ती आणि सहा गिअरचा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. आटोपशीर गाडी हवी आणि थोडा जोरही हवा, तर हीच. मुलाच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हुक मागच्या सीटच्या फटीत बोट घालून स्वतः तपासा, माहितीपत्रकावर जाऊ नका. आणि टेस्ट ड्राइव्हला बायकोला सोबत न्या, वाकडहून हिंजवडीच्या संध्याकाळच्या गर्दीत, दोघांनीही चालवून बघा.