विचारा की! : माडीवर गेमिंग पीसी, खाली जवारीचं काम

या खेपेला चार प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर लै लांबलंय, पण तसलाच प्रश्न अजून पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता म्हणून लांबू दिलं.

प्रश्न : दादा नमस्कार. मी मिरजेत राहतो, आमच्याकडं तंबोरे-सतारीचं काम चालतं, बाबा खाली दुकानात आणि मी वर माडीवर. माझा जुना टॉवर गेम लावला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा घोंघावतो, बाबा जवारी काढत (म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जुळवत) असले की खालनं हाक येते, "बंद कर ते आधी!" आता नवीन बांधायचाय, छोटा आणि आवाज न करणारा. बजेट दीड लाख, मॉनिटर १४४०पी. ७ लिटरची केस (सगळे पार्ट बसवायचा डबा), रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर आणि आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड असं मनात आहे. मित्र म्हणतो वॉटर कूलिंग घाल, आवाजच येणार नाही. बरोबर आहे का? आणि सगळ्यात सायलेंट पंखा कुठला?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पंखा कुठला हा प्रश्न आधी बाजूला ठेव भावा. पंखा स्वतःहून ओरडत नाही, त्याला उष्णता ओरडायला लावते, म्हणून आधी वॅट मोजायचे. ५०७० कार्ड कंपनीच्या हिशेबानं २५० वॅटचं, प्रोसेसर गेममध्ये साधारण ६०-७०, बाकी बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून अजून चाळीस-पन्नास. म्हणजे साडेतीनशेच्या वर गेलो. ते दोन कांड्यांचे छोटे रूम हीटर असतात ना, त्यातली एक कांडी ४०० वॅटची असते, तर जवळजवळ ती एक कांडी तू ७ लिटरच्या डब्यात कोंडायला निघालायस, आणि वर म्हणतोस आवाज नको.

आणि तू व्हिडिओ बघून ठरवलं असशील तर एक गोष्ट लक्षात घे की ती माणसं २०-२२ डिग्रीच्या खोलीत टेस्ट करतात. आपल्याकडं एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या माडीवर ३८ डिग्री म्हणजे काही विशेष नाही. खोली जेवढ्या डिग्रीनं गरम तेवढ्याच डिग्रीनं आतला पार्ट गरम, हा सरळ हिशेब आहे, त्यांच्याकडं ७२ दाखवणारा प्रोसेसर तुझ्याकडं ८८ दाखवणार. ७८००एक्स३डीची मर्यादाच ८९ आहे, त्याच्या पुढं तो स्वतःच हळू होतो. मी ही चूक स्वतः करून बसलोय, दिवाळीत हौसेनं टिफिनएवढा पीसी बांधला, थंडीभर सगळ्यांना दाखवला, आणि मे महिन्यात त्याच्या बाजूचं झाकण काढून टेबल फॅन लावून बसलो.

म्हणून केस थोडी मोठी घे. यात कमीपणा काही नाही. कूलर मास्टरची एनआर२०० साधारण १८ लिटरची आहे, म्हणजे किराणा दुकानातला १५ किलोचा तेलाचा डबा असतो त्याच्या आसपास, टेबलाच्या कोपऱ्यात बसते. तुझा जुना टॉवर ४०-५० लिटरचा असेल, त्यामानानं हे निम्म्याहून कमीच झालं की. ७ लिटरमध्ये कूलरला पन्नास मिलिमीटरसुद्धा उंची मिळत नाही, मग बारका पंखा जोरात फिरवावा लागतो. १८ लिटरमध्ये दीडशे मिलिमीटरच्या आसपासचा टॉवर कूलर आणि १२० मिलिमीटरचा पंखा बसतो. मोठा पंखा सावकाश फिरला तरी तेवढीच हवा ढकलतो, आणि पंख्याची गती निम्मी केली की आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो, कानाला १० डेसिबल उतरले तरी आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. एवढा फरक कुठलाही महागडा सायलेंट पंखा देत नाही.

वॉटर कूलिंगचं मित्राला सांग की पाणी उष्णता गिळत नाही, फक्त इकडनं तिकडं नेतं. रेडिएटरवर पंखे लागतातच, वरनं पंपाची सूं सूं वेगळी, आणि ती गेम नसतानाही चालू. साठ-सत्तर वॅटच्या प्रोसेसरला एवढा थाट कशाला? टॉवर कूलर लाव, मोकळा हो.

आता कार्ड. ५०७० घे, पण त्याला पूर्ण मोकळं सोडू नकोस. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून ठेव, म्हणजे २००च्या आसपास वॅट. शेवटचे पन्नास वॅट सेकंदाला थोड्याशा जास्त फ्रेम (म्हणजे चित्रं) काढायला जळत असतात, १००च्या जागी ९५ मिळाले तर तुला कळणार पण नाही, कार्डाचे पंखे मात्र लगेच शांत होतात. अंडरव्होल्टिंग (कार्डाला कमी व्होल्टेज देणं) जमत असेल तर अजून बरं, पण पहिल्या दिवशी नको, आठवडाभर साधा चालवून बघ मग हात घाल. प्रोसेसरमध्ये पैसे वाचवायचे असतील तर रायझन ५ ७६०० बघ, ६५ वॅटचा आहे, १४४०पीला जोर मुख्यतः कार्डावर येतो त्यामुळं बऱ्याच गेममध्ये फरक थोडाच दिसेल. वाचलेले पैसे मिनी आयटीएक्स बोर्डात जाणारच आहेत, १७ बाय १७ सेंटीमीटरचा एवढासा तुकडा पण मोठ्या बोर्डापेक्षा महाग, ही छोट्या पीसीची पट्टी भरावीच लागते.

पॉवर सप्लाय एसएफएक्स (लहान मापाचा) लागेल, ७५० वॅटचा घे. निम्म्या लोडवर चालला की त्याचा पंखा फिरतो न फिरतो. फिरणारी हार्ड डिस्क आत अजिबात नको.

आता खरी गोष्ट, जी तुझ्या बाबांना तुझ्यापेक्षा चांगली कळेल. नुसता आवाज मोठा की बारीक एवढाच प्रश्न नसतो, तो आवाज कसला आहे हेही असतं. सात पात्यांचा पंखा १२०० आरपीएमनं फिरला की सेकंदाला २० फेरे, गुणिले सात, म्हणजे १४० हर्ट्झचा एक बारीक सूर धरतो. शेजारी तसलाच दुसरा पंखा ११७० नं फिरत असला की त्याचा सूर १३६.५, आणि मग दोघं मिळून सेकंदाला साडेतीन वेळा ऊं-ऊं-ऊं असे डोलतात, तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जरा हटल्या की डोलतात तशाच. ज्या माणसाचं आयुष्य तो डोल काढण्यात गेलं त्याला तू वर बसून तोच डोल ऐकवतोयस, हाक येणारच. उपाय सोपा, दोन्ही पंखे एका गतीला ठेवू नकोस, बायोसमधनं (बोर्डाच्या सेटिंगमधनं) एकाला ९००, दुसऱ्याला १०५० असं चांगलं अंतर दे, म्हणजे तो संथ डोल राहत नाही. नॉक्टुआ कंपनी तर काही जोड्यांमधले पंखे मुद्दाम थोड्या वेगळ्या गतीचे करून विकते, कारण हेच.

दुसरं म्हणजे कॉइल व्हाइन. कार्डावरची कॉइल करंट खाली-वर झाला की थरथरते आणि किर्रर्र असा उंच आवाज येतो. जवारीचं सगळं काम घोडीच्या माथ्यावरनं तारेत उठणाऱ्या त्या वरच्या बारीक स्वरांचंच, म्हणजे बाबांना पंख्यापेक्षा हे किर्र जास्त छळेल असा माझा अंदाज. गेमच्या मेन मेन्यूत कार्ड रिकामटेकडं पाचशे-सहाशे फ्रेम काढत बसतं तेव्हा हे सगळ्यात जास्त. फ्रेम कॅप (सेकंदाला किती फ्रेम काढायच्या याची मर्यादा) लाव, मॉनिटर १६५ हर्ट्झचा असेल तर १६०, बहुतेक वेळा किर्र बरंच कमी होतं. तरी राहिलं तर कार्ड बदलून मिळतंय का ते पहिल्या काही दिवसांतच विचार, दुकानदार नंतर ऐकत नाही.

तिसरं, पंख्यांचं वर-खाली होणं. ब्राउझरचा टॅब उघडला की प्रोसेसर क्षणभर दहा डिग्री उडी मारतो आणि पंखा फुर्रर्र करून परत गप्प. एकसारख्या आवाजाला कान सरावतो, याला नाही. बायोसच्या फॅन कर्व्हमध्ये (किती डिग्रीला पंखा किती फिरवायचा ती रेष) ७० डिग्रीपर्यंत रेष सपाट ठेव आणि स्टेप-अपला, म्हणजे पंख्याची गती वाढायला, चार-पाच सेकंदाचा उशीर दे.

आणि शेवटचं, तुमची माडी लाकडी असेल तर पीसी थेट फळीवर ठेवू नकोस. फळी आणि खाली मोकळी खोली म्हणजे तंबोऱ्याचा भोपळाच झाला की, थरथर खाली दुप्पट ऐकू येणार. खाली जुन्या घोंगडीची चार पदरी घडी किंवा जाड फोम घाल, हवा आत घ्यायच्या जाळ्या तेवढ्या मोकळ्या राहू देत.

प्रश्न : आमच्या घराशेजारी हळद-मिरचीचं कांडप आहे. मुलाचा छोटा गेमिंग कॉम्प्युटर दोन वर्षांत आतून पिवळाधम्मक झालाय आणि आता फार आवाज करतो. ह्यांनी ब्लोअर मारला तर एक पंखाच खडखडायला लागला. उघडून ओल्या फडक्यानं पुसला तर चालेल का?
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : ताई, ओलं फडकं अजिबात नको. हळदीची पूड ओली झाली की लगदा होतो आणि तो कूलरच्या पत्र्यांच्या फटीत असा बसतो की मग काड्यांनी कोरत बसावं लागतं. पावसाळ्यात दमट हवेनं थोडंफार हेच झालं असणार, म्हणून आवाज वाढला. हवा जायला वाट नाही, पंखा बिचारा ओढून ओढून दमतोय.

ब्लोअरच वापरायचा, पण पंख्याच्या पात्यात पेन्सिल नाहीतर बोट अडकवून तो फिरू न देता. ब्लोअरच्या जोरानं पंखा त्याच्या ताकदीच्या बाहेर फिरतो आणि बेअरिंग जातं, तुमच्याकडं तेच झालंय. तो एक पंखा बदला, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. काम गॅलरीत करा, प्लग काढून, तोंडाला रुमाल बांधून, नाहीतर घरभर भंडारा उधळल्यासारखं होईल. पत्र्यांच्या फटीत कोरडा रंगाचा ब्रश चालतो. डाग राहिले तर राहू द्या, डागानं कॉम्प्युटरचं काही बिघडत नाही, साबणाचा हात तर लावूच नका, हळदीला साबण लागला की ती लाल होते हे मी तुम्हाला काय सांगायचं!

पुढं असं होऊ नये म्हणून मुलाला म्हणावं, हवा आत घेणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेव आणि जिथनं हवा आत येते तिथं बारीक नायलॉनची जाळी लाव. आत दाब थोडा जास्त राहिला की हवा फटीफटीतनं बाहेर जाते, धूळ आत ओढली जात नाही. जाळी मात्र दर पंधरा दिवसांनी झटकायची. हळदीच्या सीझनला दर आठवड्याला. तेवढं काम त्यालाच लावा.

प्रश्न : घरात मोठा इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की गेमिंग पीसी रिस्टार्ट होतो, बल्ब-पंखे मात्र चालू राहतात. इन्व्हर्टर खराब आहे का पीसी?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : बहुतेक दोन्ही चांगले आहेत. पीसीचा पॉवर सप्लाय लाईट गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद दम धरू शकतो. इन्व्हर्टर साध्या मोडवर असला तर बॅटरीवर यायला त्याला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, बल्बला ते कळत नाही, पीसीला कळतं. मागं किंवा पुढं एक बटण असतं, त्यात यूपीएस मोड टाका, मग साधारण १० मिलिसेकंदात काम होतं. त्याचा एक तोटा, त्या मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज खपवून घेत नाही, शेतीपंप सुरू झाले आणि व्होल्टेज पडलं की तो सारखा बॅटरीवर उडी मारतो. तुमच्याकडं तसं होत असेल तर पीसीला वेगळा छोटा यूपीएस घ्या, पण ६००व्हीएवाला नको, तो प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच देतो. १०००-११००चा बघा. आणि इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर हल्लीचे पॉवर सप्लाय त्यावर गुणगुणतात, कधी बंदच पडतात. प्युअर साइन वेव्ह लिहिलेलाच घ्यायचा.

प्रश्न : नवीन छोट्या केसमध्ये आरटीएक्स ५०६० कार्ड रायझर केबलनं (बोर्ड आणि कार्ड यांच्यामधली लांब केबल) जोडलं, पंखे फिरतात, स्क्रीन काळी. कार्ड गेलं का?
— एक वाचक, विटा

उत्तर : घाबरू नका, केबल पीसीआयईच्या (कार्ड बोर्डाशी बोलतं ती जोडणी) चौथ्या पिढीची आणि कार्ड पाचव्या पिढीचं असलं की असं होऊ शकतं, बोर्ड पाचव्या पिढीच्या वेगानं बोलायला जातो आणि मधल्या केबलला ते झेपत नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर मॉनिटरची वायर बोर्डाच्या मागं लावा, नसेल तर कार्ड तात्पुरतं थेट बोर्डात बसवा, केस उघडी राहिली तरी चालेल. बायोसमध्ये जाऊन पीसीआयई स्लॉट ऑटोवरनं जेन ४ (चौथी पिढी) करा, केबल जुनी असेल तर जेन ३. जेन ४ला गेममध्ये फरक पडलेला दिसणार नाही. आणि एफ१० दाबून सेव्ह करा मगच बाहेर या, माझ्या ओळखीच्या एकानं ते न करता दोनदा सगळी केस सोडली होती.