सुरकुत्या, कोड, व्रण: चेहरा आहे तसा टिपताना

तुझे फोटो पाहिले. फोकस नेमका डोळ्यांवर आहे, पण आजींच्या सुरकुत्या कुठे गेल्या? आधी कॅमेऱ्यातला तो त्वचा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड बंद कर. कोड असलेल्या त्वचेचं तर तो पार वाटोळं करतो.

समोरून फ्लॅश मारू नकोस. माणसाला खिडकीशी तिरकं बसव. एका बाजूने उजेड आला की त्वचेचा पोत उठून दिसतो. फारच कडक वाटला तर पांढरा पडदा ओढ. कोडाचे डाग उजळ असतात, म्हणून एक्सपोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) किंचित कमी ठेव, नाहीतर तिथलं सगळं पांढरंफटक होतं. वाइड लेन्सने जवळ जाऊ नकोस, नाक फुगतं. ८५ मिमीची लेन्स बरी.

अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडनने १९७९ ते १९८४ दरम्यान पश्चिम अमेरिकेत काढलेली पोर्ट्रेट्स जरूर बघ. खाणकामगार, भटके, सगळे पांढऱ्या कागदासमोर, सावलीतल्या सपाट उजेडात. (मला त्यातला कोरडेपणा थोडा खटकतो, पण नजर तयार होते.)

आणि भाजल्याचा व्रण दाखवायचा की नाही, हे त्या माणसालाच विचार. काहीजण आपणहून मान वळवून दाखवतात, काहींना नको असतं. फोटो टाकण्याआधी त्यांना दाखव.