पाण्याचा अणू नसतो, रेणू असतो

एका वाचकांनी विचारले आहे की, मुलीच्या अभ्यासाच्या एका मराठी चित्रफितीत “पाणी उकळले की त्याचे अणू सुटे होतात” असे वाक्य आहे, तिच्या वहीत मात्र “पाण्याचा रेणू” आहे आणि तिसरीकडे कुठेतरी “परमाणू” भेटतो. तर यांतले खरे काय? वही बरोबर आहे. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा रासायनिक क्रियेत न फुटणारा कण, आणि असे अणू रासायनिक बंधांनी जोडले गेले की होतो तो रेणू. पाणी हे संयुग आहे; ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू सहसंयुज बंधांनी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने, बांधले गेल्यावर पाण्याचा रेणू तयार होतो, म्हणून “पाण्याचा अणू” अशी वस्तूच जगात नाही.

ही चूक हल्ली सतत कानांवर आदळते आणि तिचे मूळ उघड आहे. हिंदी, बंगाली आणि गुजराती शास्त्रीय परिभाषेत आपल्या अणूला परमाणू आणि आपल्या रेणूला अणू म्हणतात. मजकूर हिंदीतून मराठीत आणणाऱ्याला “जल का अणु” यातला अणू ओळखीचा वाटतो आणि मग तो शब्दकोश उघडण्याचे कष्ट घेत नाही. बातम्यांच्या मथळ्यांत “परमाणू करार” आणि “परमाणू चाचणी” अवतरतात तेही याच वाटेने. अणुकरार आणि अणुचाचणी हे शब्द मराठीत असताना हा परमाणू आणण्याची काहीच गरज नव्हती. (एकटा लिहिताना अणू दीर्घ, सामासिक शब्दात ऱ्हस्व; हेही जाता जाता सांगून ठेवतो.) गंमत अशी की मुंबईतली अणुऊर्जा विभागाची वसाहत हिंदीतही “अणुशक्ति नगर” अशीच लिहिली जाते आणि तिथे सगळ्या भाषांत एकच परिभाषा हवी असा आग्रह धरणारे कोणी तक्रार करत नाहीत.

पण प्रश्नातला खरा रसाळ भाग रेणू हा आहे. अनेक जण सांगतात की परिभाषा घडवणाऱ्यांनी “अणुरेणू” हा रुळलेला जोडशब्द मधोमध कापला आणि दोन कणांना एकेक तुकडा वाटून दिला. तुकोबांचे “अणुरेणियां थोकडा । तुका आकाशाएवढा” लोकांच्या ओठांवर असल्याने हे पटण्याजोगे वाटते, पण मला ते मुळीच पुरेसे वाटत नाही. जोडशब्दातून दोन शब्द मिळतील. त्यांतला लहान कोणता, मोठा कोणता आणि कोण कशाचा बनलेला, हे त्यातून कसे कळावे? ते उत्तर भागवताच्या तिसऱ्या स्कंधात, कालमापनाच्या प्रकरणात आहे: “अणुर्द्वौ परमाणू स्यात् त्रसरेणुस्त्रयः स्मृतः”. दोन परमाणूंचा अणू आणि तीन अणूंचा त्रसरेणू. आता या ओळीकडे जिना म्हणून पाहा. हिंदीने खालची पायरी उचलली, तिथे परमाणूंपासून अणू होतो. मराठीने वरची उचलली, तिथे अणूंपासून रेणू होतो. माझ्या मते दोन्ही परिभाषा एकाच ओळीतून निघालेल्या आहेत, आणि म्हणून हिंदीची व्यवस्था तेवढी शास्त्रशुद्ध व मराठीची हौशी, असे म्हणणाऱ्या विद्वानांनी ती ओळ शेवटपर्यंत वाचलेली नाही. त्यातून तीन अणूंचा रेणू म्हटल्यावर पाणीच आठवावे, हा योगायोग आहे हे मला कळते, पण तो सोडवत नाही.

त्रसरेणू म्हणजे झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत दिसणारा धूलिकण. मनुस्मृतीनेही वजनमापांची सुरुवात त्याच्यापासूनच केली आहे. यातला “त्रस” म्हणजे थरथरणारा, हलणारा, आणि संस्कृतात रेणू म्हणजे धूळ, तसेच फुलांतले परागही. आता १८२७ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने काय पाहिले ते ऐका: परागकणांतून निघालेले अतिसूक्ष्म कण पाण्यात टाकले असता ते सूक्ष्मदर्शकाखाली अखंड थरथरत होते. पाण्याचे न दिसणारे रेणू त्या कणांना सर्व बाजूंनी धडका देतात म्हणून ही थरथर होते, हे आइन्स्टाइनने १९०५ साली गणिताने मांडले, आणि झाँ पेरँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रयोगांनंतर रेणूंच्या अस्तित्वाबद्दल शंका घेणारे जवळजवळ उरले नाहीत. म्हणजे थरथरणाऱ्या रेणूंनी, परागांच्या अर्थाने, पाण्याच्या रेणूंची साक्ष दिली. उन्हातली धूळ मुख्यतः हवेच्या झुळकांनी नाचते, त्यामुळे प्राचीनांना हे सारे ठाऊक होते असा दावा कोणी करू नये. पण रेणूसाठीच्या मॉलिक्यूल या लॅटिनमधून आलेल्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ नुसता “लहानसा गोळा” एवढाच आहे, आणि त्याच्यापुढे आपला रेणू किती देखणा ठरतो!

ज्यांना तरीही “पाण्याचा अणू” म्हणायचे असेल त्यांना जॉन डाल्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची सोबत आहे. १८०८ मध्ये त्याने पाण्याच्या कणाला संयुक्त अणूच म्हटले होते आणि त्यात हायड्रोजनचा एकच अणू धरल्यामुळे त्याचे अणुवस्तुमानांचे गणितही चुकले. अणू आणि रेणू यांतला भेद अव्होगाद्रो या इटालियन शास्त्रज्ञाने १८११ मध्ये दाखवला, पण जर्मनीतल्या कार्ल्सरूए इथे १८६० मध्ये भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्याचाच देशबांधव कानिझ्झारो याने तो पुन्हा ठासून मांडेपर्यंत युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांचा गोंधळ चालूच होता.

राहिले ते चित्रफितीतले उकळते पाणी. तिथे शब्द बदलला की विधानही सुधारते. पाणी उकळते तेव्हा शेजारशेजारच्या रेणूंना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात. रेणूच्या आतले सहसंयुज बंध शाबूत राहतात, आणि म्हणून वाफ हेही पाणीच असते. अणू एकमेकांपासून तोडायचे तर विद्युत अपघटनासारखा, म्हणजे पाण्यातून वीज सोडण्याचा, उपाय करावा लागतो, आणि मग जे मिळते ते पाणी नव्हे, तर आकारमानाने दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन हे वायू. मुलीच्या वहीत वाक्य असे लिहावे: “पाणी उकळले की त्याचे रेणू सुटे होतात.”